सात सह्या

त्या टायवाल्याला मी माफ केलेलं नाही. लोक म्हणतात, वय झालं, आता सोडून द्या. कावून सोडू? सोडायचं असतं तर मी हे लिहायला बसलोच नसतो. चौथी शिकलेल्या माणसाला एक पान लिहायला किती घाम गाळावा लागतो हे शिकलेल्यांना कळायचं नाही. गिऱ्हाईक नसलं की हातगाडीच्या सावलीत बसतो आणि चार-चार ओळी लिहितो.

अमरावतीत राजापेठेच्या बाजूला माझी फळांची गाडी आहे. उन्हाळ्यात टरबूज, पावसाळा सरला की सीताफळ, मग संत्रा आणि पेरू. चाळीस वर्षं झाली. गाडीच्या दुसऱ्या टोकाला बायको फुलांचे हार करते. फळांच्या पैशावर घर चालायचं आणि हारांचे पैसे तिचे, हे आमच्यात पहिल्यापासून ठरलेलं. ते पैसे ती एकाच कामासाठी साठवत होती. ती म्हणायची, "मले चार दिवस समुद्रावर जायचं हाये. तिथं सकायी उठल्यावर 'आज भाजी काय करू' असं मी कोनाले इचारनार नाई."

मी म्हणायचो, "नेतो. दिवाळी झाली की नेतो." दिवाळीनंतर दहा-बारा दिवस आमचा धंदा मंदा असतो. सीताफळ संपलेलं असतं आणि संत्र्यात अजून गोडी उतरलेली नसते. तेवढेच दिवस आमचे. तीस वर्षं मी "नेतो" म्हटलं आणि तीस वर्षं काही ना काही निघालं.

मागच्या उन्हाळ्यात एका साडीच्या दुकानात तिनं बक्षिसाची चिठ्ठी भरली. आठ दिवसांत फोन आला. तुम्हाला भेटवस्तू लागली आहे, रविवारी दुपारी हॉटेलच्या हॉलमध्ये या, जेवण आमच्याकडे, फक्त नवराबायको दोघांनी यायचं. एकटं आलं तर वस्तू नाही.

गेलो. मी धुतलेलं धोतर नेसलो, तिनं लग्नात मिळालेली साडी काढली. हॉलमध्ये गार हवा, मोठ्यानं गाणी, गोल टेबलं. प्रत्येक टेबलावर एक जोडपं आणि त्यांच्या समोर एक टायवाला. कोणी मेंबर झालं की कोपऱ्यातली घंटी वाजायची आणि सगळे टायवाले टाळ्या पिटायचे.

आमच्या वाट्याला आलेला टायवाला पंचविशीचा असेल. पुण्याची बोली. त्यानं पडद्यावर समुद्र दाखवला, डोंगर दाखवले, पोहायचे निळे हौद दाखवले. "काका, एकदा मेंबर झालात की पंचवीस वर्षं दरवर्षी सात दिवस खोली तुमची. आज हॉटेलं केवढी महाग झालीत! दहा वर्षांनी काय होईल, विचार करा."

मी विचारलं, "दिवाळी झाली की मिळन काय?"

"केव्हाही, काका. फक्त एक फोन करायचा."

"मंग असं करा. आमाले पयले एक रात्र राहू द्या. पटलं तर घेतो. मी टरबूज इकतो. गिऱ्हाईक ज्या टरबुजावर बोट ठेवते त्याची तिकोनी खाप काढून त्याच्या हातात देतो. लाल निघालं तर त्याचं, पांढरं निघालं तर माझं."

तो हसला. बाजूच्या टेबलावरचा टायवालाही हसला. "काका, हे टरबूज नाहीये."

बायकोनं टेबलाखालून माझा गुडघा दाबला. "उठा. जेवन झालं. हे आपलं काम नाई."

आणि मी उठत होतो. हे लिहून ठेवतो, कारण पुढं मुलीनं मला किती वेळा विचारलं आणि मी किती वेळा हेच सांगितलं. मी उठत होतो. खुर्ची मागं सरकवली होती. तेवढ्यात तो बाजूच्या टायवाल्याला हळूच म्हणाला, "जाऊ दे, अंगठेबहाद्दर आहे." माझे गुडघे गेले आहेत, कान नाही गेले. मी वळून पाहिलं तर त्यानं खणातून शाईची डबी काढून टेबलावर ठेवली आणि गोड आवाजात म्हणाला, "काका, सही येत नसेल म्हणून मागे फिरू नका. आमच्याकडे अंगठाही चालतो."

मी खाली बसलो. म्हटलं, "पेन आन."

"काय करून राहिले तुमी?" बायको म्हणाली.

"चूप बस."

सात जागी सही होती. मी सातही जागी पूर्ण नाव लिहिलं. माझं, बापाचं, आडनाव. अक्षर अक्षर सुटं, वर सरळ रेघ. मधे दोनदा तो म्हणाला की नुसती छोटी सही चालेल. मी म्हटलं, "थांब." सातवी झाली, घंटी वाजली, सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. मला वाटलं, टाळ्या माझ्या अक्षराला आहेत.

मग त्यानं पैसे मागितले. निम्मे आता, बाकी हप्त्यानं. माझ्याकडं तेवढे कुठून असणार? मी बायकोकडं पाहिलं. तिनं पर्स उघडली, बँकेचं कार्ड काढलं आणि माझ्या हातात दिलं. चार लोकांत तिनं मला खाली पाहू दिलं नाही. नाही म्हणाली असती तर बरं झालं असतं, पण ती तशी बाई नाही. तिचे हारांचे पैसे त्या छोट्या मशीनमध्ये गेले.

ऑटोत आमच्या दोघांच्या मधे भिंतीवरच्या घड्याळाचा खोका होता. तीच ती भेटवस्तू.

मुलगी अकोल्याला शाळेत शिकवते. तिला कागदांचे फोटो पाठवले. संध्याकाळी तिचा फोन आला.

"बाबा, तुमी हे वाचलं काय?"

"सही केली."

"मी वाचलं काय हे इचारून राहिली."

मी घड्याळाचा खोका पायानं बाजूला सरकवला.

"तुमचं मेंबरचं कार्ड निळं हाये. निळ्या कार्डाले दिवाळीच्या आधीचे पंधरा अन् मागचे पंधरा दिवस बंद. बाकी वक्ती खोली उरली तर भेटन, तेबी कितीक महिने आधी सांगा लागते. अन् जा का नोका जाऊ, दरवर्षी देखभालीचे पैसे भरा लागते. दरवर्षी वाढवून."

"तो त 'केव्हाही' म्हने."

"म्हने. लिहिलं काय? आता एकच गोष्ट चांगली हाये. दहा दिवसांत नको म्हनून कळवलं तर सगळे पैसे वापस. आईचे पैसे वाचतात, बाबा. उद्याच रजिस्टर पत्र टाका. मी लिहून पाठवतो, तुमी फक्त सही करा."

"पत्र नाई टाकत."

"कावून?"

तिला मी समजावून सांगितलं, तुम्हालाही सांगतो. फळबाजारात माल सडका निघाला तर तो मागच्या गल्लीतून गुपचूप परत करत नाहीत. सकाळी लिलाव सुरू असताना, सगळे व्यापारी उभे असताना, ज्या ओट्यावरून माल उचलला त्याच ओट्यावर खोका उपडा करायचा. मग दलालाला पैसे द्यावेच लागतात आणि त्याची चार लोकांत इज्जत जायची ती जाते. गुपचूप परत करणारा माणूस स्वतःच चोर ठरतो. मी टाळ्यांत सही केली होती. मी पोस्टानं माघार घेणार नव्हतो. त्या टायवाल्यासमोर, भरल्या हॉलमध्ये घेणार होतो.

मुलगी म्हणाली, "बाबा, तुमाले पैसे पायजे का त्याचं नाक पायजे?"

"दोनी."

पुढच्या रविवारी गेलो तर हॉलमध्ये कोणाचा तरी साखरपुडा होता. हॉटेलच्या माणसानं सांगितलं, कंपनीचा कार्यक्रम या आठवड्यात अकोल्याला आहे, बुधवारी. मी बोटं मोजली. बुधवार दहावा दिवस.

मुलीचा पुन्हा फोन. "बाबा, बुधवार अकरावा होते. मंगळवारच्या आत पत्र टाका."

"तुले बाजाराचा हिसाब समजत नाई. माल उचलला तो दिवस धरत नाईत. दुसऱ्या दिवसापासून एक." आमच्याकडं दहा दिवसांची उधारी म्हणजे तशीच असते. चाळीस वर्षं मी तशीच दिली आणि तशीच घेतली. शाळेतली पोरगी मला दिवस मोजायला शिकवणार? मी फोन ठेवून दिला. बायको हार ओवत होती. तिनं मान वर केली नाही.

बुधवारी सकाळच्या एसटीनं अकोल्याला गेलो, पिशवीत एक टरबूज घेऊन. हॉल भरेपर्यंत बाहेर थांबलो. आत शिरलो तर तोच टायवाला एका तरुण जोडप्याला तोच समुद्र दाखवत होता. मी त्याच्या काचेच्या टेबलावर टरबूज ठेवलं, चाकू काढला, तिकोनी खाप काढली आणि वर धरली. मोठ्यानं म्हटलं, "पाहा राजेहो! मी इकतो ते आधी कापून दाखवतो. यानं मले कापून दाखवलं नाई अन् माया बायकोचे पैसे घेतले. दिवाळीले खोली देतो म्हने, कागदावर बंद लिहिली! आज दहावा दिवस हाये. माल वापस. पैसे काढ!"

गाणं कोणी तरी बंद केलं. मी खाप आणखी वर धरली.

टायवाल्यानं फाईल उघडली आणि माझ्याच सातव्या सहीच्या वरच्या ओळीवर बोट ठेवलं. "काका, दहा दिवस सहीच्या तारखेपासून. सहीचा दिवस धरून. काल संपले. काल आला असतात तर आनंदानं दिले असते." मग सगळ्यांकडं पाहून म्हणाला, "म्हणूनच आम्ही सांगतो, करार नीट वाचावा."

आधी एक बाई हसली. मग बरेच. दोन रखवालदारांनी मला दंडाला धरून बाहेर आणलं. टरबूज आतच राहिलं.

अकोल्याच्या फळबाजारात माझा एक जुना दोस्त आहे. मुसलमान, ठोक व्यापारी, चाळीस वर्षांचा व्यवहार. त्याच्या ओट्यावर जाऊन बसलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि पान चघळत म्हणाला, "बुढ्ढे, तू टरबूज बेचता के इंतकाम?"

"आजपासून दोनी. तुयी एक गाडी दे मले. दर बुधवारी."

"भाडा लगेगा."

"घे."

"अरे मजाक कर रहा. ले जा. लेकिन टरबूज मेरे पास से ही उठाना."

मग सुरू झालं. रविवारी अमरावतीत हॉटेलच्या फाटकासमोर माझी गाडी, बुधवारी अकोल्यात. चाळीस वर्षं ओरडून माल विकलेला गळा आहे, माईक लागत नाही. मी खोटं एक अक्षर बोललो नाही. जोडपी सजून धजून यायची, मी म्हणायचो, "जा, जा, आत जा! जेवन चांगलं असते, पोटभर जेवा! पन त्याले इचारा, दिवाळीत खोली देता हे कागदावर लिहून देता काय! अन् गेलो नाई तरी दरवर्षी पैसे कायचे घेता!"

तासाभरानं तीच जोडपी बाहेर यायची. एक बाई थेट माझ्याकडं आली. "आबाजी, लिहून देत नाई म्हनते वो तो."

"जेवल्या काय?"

"जेवलो."

"वस्तू भेटली?"

"घड्याळ."

"मंग टरबूज खा अन् घरी जा."

तिनं दोन टरबुजं नेली. खरं सांगतो, त्या हंगामात माझा धंदाही चांगला झाला. पण मी त्याच्यासाठी उभा नव्हतो. मी कान देऊन उभा होतो. पहिल्या रविवारी घंटी चारदा वाजली. तिसऱ्या रविवारी एकदा. दहाव्या बुधवारी अकोल्यात एकदाही नाही. असं गार वाटलं मला, भर उन्हात पंखा लावल्यासारखं. कंपनीवाल्यांनी पोलीस बोलावला. हवालदारानं माझा परवाना पाहिला, एक खाप खाल्ली, आणि त्यांना म्हणाला, "हा माणूस टरबूज इकून राहिला. मी काय करू?"

त्याच बुधवारी कार्यक्रम संपल्यावर टायवाला एकटा बाहेर आला. टाय काढून खिशात कोंबली होती. माझ्यासमोर उभा राहिला आणि वऱ्हाडीत बोलला.

"आबाजी, बस करा ना आता. मी पातूरचा हाये. दोन महिन्यांत माया टेबलावर एक सही नाई झाली. काढून टाकन म्हनते मले."

"पातूरचा? मंग त्या दिवशी पुन्याचा कावून झाला होतास?"

"तसं बोला लागते आमाले." मग तो म्हणाला, "मी तुमाले जे म्हटलं होतं त्या दिवशी... ते तुमी ऐकलं, नाई का?"

"ऐकलं."

"चुकलं माझं."

किती आठवडे मी या शब्दासाठी उन्हात उभा होतो. आला तर हातात काहीच आल्यासारखं वाटलं नाही. मी म्हटलं, "मले म्हटलं तवा बाजूच्याले ऐकवलं होतं. मले काढलं तवा सारा हॉल हसला होता. मंग आता एकट्यात कायले म्हनतं? चाल आत, अजून लोक हायेत. त्या माईकवर म्हन."

"असं कसं म्हनू, आबाजी?"

"मंग जाय."

तो गेला. पुढच्या बुधवारी तो दिसला नाही, त्याच्यानंतरही नाही. काढला असेल. मला वाईट वाटलं का? मुलगी हेच विचारते. नाही वाटलं.

दोन-तीन आठवड्यांनी कंपनीचा मोठा साहेब आमच्या घरी आला. चहा घेतला, बायकोला ताई म्हणाला. सगळे पैसे परत द्यायला तयार, चेक बरोबर आणला होता. फक्त एका कागदावर सही पाहिजे. त्यावर लिहिलं होतं की माझी तक्रार गैरसमजातून झाली, आता काही म्हणणं नाही, पुढं कार्यक्रमाच्या ठिकाणी उभा राहणार नाही आणि कंपनीचं नाव कुठं घेणार नाही. यावेळी मी वाचलं. एकेका अक्षरावर बोट ठेवून, त्याचा चहा गार होईपर्यंत.

"गैरसमज कोनाचा?" मी विचारलं.

"काका, ती नुसती भाषा आहे."

"माझा गैरसमज झाला नाई. सही नाई करत. मी बुधवारी अकोल्याले उभा असन."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. साडीला हात पुसत आली आणि साहेबाला म्हणाली, "पैसे कोनाच्या कार्डातून गेले?"

"तुमच्या, ताई."

"मेंबर कोन हाये?"

"तुम्ही दोघं."

"मंग माझी सही चालन काय?"

त्यानं बाहेर जाऊन कोणाला तरी फोन केला. चालेल म्हणाला.

"हात लावू नोको त्या कागदाले," मी म्हटलं. "मी तीन महिने उन्हात उभा राह्यलो. त्याच्यावर लिहिलं हाये की मी येडा."

ती माझ्याकडं पाहून बोलली. हॉलमध्ये जे बोलली नव्हती ते आता बोलली. "तुमी तुमच्या नाकासाठी सात सह्या केल्या. मी माया पैशासाठी एक करतो." आणि केली. एका झटक्यात, रेघ न ओढता. चेक घेतला, देवाजवळ ठेवला आणि आत जाऊन कणीक मळायला लागली.

म्हणून या लिखाणात त्या कंपनीचं नाव नाही. कागदावर माझी सही नाही, पण शब्द तिनं दिला आहे. तिचा शब्द मी मोडत नाही. नाव सोडून बाकी सगळं लिहू नको, असं काही त्यात नव्हतं. मी तो कागद नीट वाचला होता.

दिवाळी झाली. मुलगी अकोल्याहून आली आणि म्हणाली की तिनं आईला समुद्रावर न्यायचं ठरवलं आहे, साधी खोली, एका घरातच राहायचं, जेवण त्यांचंच. "तीन तिकिटं काढतो, बाबा."

"कोनत्या पैशानं?"

"आईच्या."

"गैरसमजाच्या पैशानं मी येत नाई."

मुलगी आईकडं पाहायला लागली. बायकोला वाटलं असतं तर ती दोनदा म्हणाली असती, चला म्हणून. मी थांबलो होतो तिच्यासाठी. ती म्हणाली, "दोन काढ."

बडनेऱ्याला दोघींना रेल्वेत बसवायला गेलो. तिनं घराची किल्ली दिली, डाळ कोणत्या डब्यात, तिखट कोणत्या डब्यात ते सांगितलं आणि गाडी हलली तेव्हा आतल्या बाईशी बोलत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गाडीवर होतो. पेरू मांडून ठेवले होते. मुलीनं फोनवर चालतं चित्र लावलं. वाळूत एक प्लास्टिकची खुर्ची, तिच्यात बायको बसलेली, पाय पुढं सोडलेले, चपला बाजूला. एका पोरीनं तिच्या हातात जेवणाचं ताट आणून दिलं. तिनं ताटात काय आहे ते पाहिलं, कोणी केलं ते विचारलं नाही, आणि खायला लागली. मागं सगळं पाणी. मी इतकं पाणी कधी पाहिलं नाही.

मुलीचा आवाज आला, "आई, बाबा पाहून राहिले. काई सांग."

तिनं मान वळवली. "जेवले काय, इचार." आणि पुन्हा समुद्राकडं पाहायला लागली.

मी जेवलो नव्हतो. म्हटलं, "जेवलो म्हन तिले."

त्या खुर्चीत तिला मी बसवणार होतो. तीस वर्षांपासून ते माझं काम होतं. मुलगी म्हणते, यात त्या टायवाल्यापेक्षा तुमची चूक जास्त आहे, बाबा. असेल. माझ्या चुकीचं मी आणि माझी बायको पाहून घेऊ. ती आल्यावर चार दिवस तिनं मला समुद्राचं काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पण तो टायवाला पातूरचा आहे आणि माझी गाडी आहे तिथंच आहे. कधी ना कधी तो या रस्त्यानं येईल, आणि त्या दिवशी गाडीवर गर्दी असली पाहिजे, एवढंच माझं म्हणणं आहे.